काचेच्या खड्यांचे हस्ताक्षर

मोझॅक म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवते ती फरशी. चाळीतल्या दोन खोल्यांतून 'ब्लॉक'मध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर रांगल्या, वाढल्या, पंगतीला बसल्या. संगमरवराच्या पांढऱ्या, काळ्या, तपकिरी चिपा सिमेंटात घालून दाबायच्या आणि मशीन फिरवून गुळगुळीत करायच्या, एवढी तिची साधी कृती. गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवतात, त्यालाही आपण 'चायना मोझॅक' म्हणतो. या फरशीचे मूळ इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. व्हेनिस आणि त्याच्या उत्तरेला असलेला फ्रिउली प्रांत हे या कारागिरीचे माहेर. संगमरवर कापून उरलेला चुरा चुन्यात मिसळून तिथले मिस्त्री जमीन करत आणि तिला 'तेराझ्झो' म्हणत. पोट भरण्यासाठी हेच मिस्त्री पुढे युरोपभर आणि अमेरिकेतही पांगले.

ही फरशी म्हणजे मोझॅकच्या घराण्यातली कष्टकरी, धाकटी बहीण. थोरली बहीण भिंतीवर, घुमटावर आणि कमानीत राहते. तिचा थाट वेगळा आणि वयही दीड-दोन हजार वर्षांचे. या थोरल्या बहिणीची आयुष्यभर सेवा करून, शेवटी तिला स्वतःच्या अक्षरात बोलायला लावणाऱ्या एका इटालियन कलावंताची आणि शिक्षकाची ही ओळख. त्यांचे नाव रिकार्दो लिकाता. १९२९ साली तोरिनो येथे जन्मलेले लिकाता २०१४ साली व्हेनिसमध्ये वारले. मधल्या काळात चौतीस वर्षे त्यांनी पॅरिसच्या नामांकित कलाशाळेत मोझॅक शिकवले. त्यांच्या कामाचे मोल कळायचे, तर आधी ही कला कशी घडते ते थोडे पाहायला हवे.

हातोडी, पाते आणि चुना

मोझॅकच्या कार्यशाळेत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो लाकडाचा ओंडका. त्याच्या माथ्यावर एक जाड पोलादी पाते, धार वर करून, घट्ट रोवलेले असते. कारागीर डाव्या हाताच्या चिमटीत काचेचा किंवा दगडाचा तुकडा त्या धारेवर धरतो आणि उजव्या हातातल्या दुधारी हातोडीने बरोबर धारेच्या वर हलका ठोका देतो. टक् असा आवाज होतो आणि तुकडा दुभंगतो. असे ठोके देत देत बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान खडे तयार होतात. एका हातभर लांबीच्या चित्राला असे हजारो खडे लागतात आणि प्रत्येक खडा हातानेच फोडावा लागतो.

काच नेहमीची नसते. 'स्माल्ती' नावाची ही काच मुद्दाम अपारदर्शक केलेली असते. भट्टीतून ती जाड भाकरीसारखी ओतून काढतात, थंड करतात आणि मग कापतात. व्हेनिसमध्ये १८८८ सालापासून चालत आलेली ओर्सोनी घराण्याच्या नावाची भट्टी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. रंगांच्या हजारो छटा तिथे फडताळांत ओळीने मांडून ठेवलेल्या असतात. सोनेरी खड्याची कृती तर सोनाराला शोभेल अशी आहे. काचेच्या जाड पट्टीवर सोन्याचा वर्ख अंथरायचा, त्यावर काचेचा अगदी पातळ पापुद्रा ठेवायचा आणि भट्टीत सगळे एकजीव करायचे. सोने दोन काचांच्या मध्ये सुरक्षित राहते. त्याला हवा लागत नाही की हात लागत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांनीही ते काल बसवल्यासारखे दिसते.

खडे बसवण्यातही गंमत आहे. ते सपाट, एका पातळीत बसवले तर भिंत मुकी राहते. जुने कारागीर ओल्या चुन्यात प्रत्येक खडा किंचित वेगळ्या कलाने रोवत. त्यामुळे पाहणारा चालू लागला की भिंतीवरचा उजेडही त्याच्याबरोबर चालतो. रावेन्ना शहरात गाल्ला प्लाचिदियाच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली छोटी समाधीवास्तू आहे. तिच्या गर्द निळ्या छतावरचे सोनेरी तारे याच युक्तीने लुकलुकतात. त्याच गावात ५४७ साली पवित्र केलेल्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह उभे आहेत. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले, तर चौदाशे वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला आहे यावर विश्वास बसत नाही. अशा आठ वास्तूंना १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

हात एकाचा, नाव दुसऱ्याचे

रावेन्नाच्या त्या भिंती ज्यांनी घडवल्या, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. तरी एक गोष्ट भिंती पाहताना जाणवते. ज्याने आखले त्याला खड्याचा स्वभाव ठाऊक होता. खडा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे जाणूनच ती चित्रे रचलेली आहेत. पुढे हे नाते तुटले. युरोपात चित्रकाराचा मान वाढत गेला आणि मोझॅकवाल्याकडे एकच काम उरले. चित्रकाराने कागदावर काढून दिलेला आराखडा खड्यांत उतरवायचा. जितके मोझॅक हुबेहूब रंगवलेल्या चित्रासारखे दिसेल, तितका कारागीर श्रेष्ठ.

या हट्टाचा शेवट कुठे होतो, ते व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये १५६३ साली दिसले. तिथे काम करणाऱ्या फ्रान्चेस्को आणि व्हालेरियो झुक्कातो या भावांवर त्यांच्या प्रतिस्पर्धी बिआन्कीनी मंडळींनी तक्रार गुदरली. आरोप असा की, झुक्कातो बंधूंनी काही ठिकाणी खड्यांऐवजी सरळ कुंचल्याने रंग लावला आहे! चौकशी बसली. मत द्यायला आलेले जाणकारही साधेसुधे नव्हते. तिशियन, तिन्तोरेत्तो आणि व्हेरोनेझे असे त्या काळचे दिग्गज चित्रकार साक्षीला उभे राहिले. शेवटी झुक्कातोंना काही भाग पदरमोड करून पुन्हा करावा लागला. पुढे फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद यांनी या भाऊबंदांवर कादंबरीही लिहिली. झुक्कातो बंधू काही कामचुकार नव्हते. त्यांच्याकडून जे मागितले जात होते, ते खड्यांना मुळात जमण्यासारखेच नव्हते. कुंचल्याची नक्कल करायची, तर कधी ना कधी कुंचला हातात घ्यावासा वाटणारच.

एकोणिसाव्या शतकात कामाचा वेगही वाढला. फ्रिउलीतल्या सेक्वाल्स गावचे जान दोमेनिको फाक्कीना यांनी उलटी पद्धत रूढ केली. भिंतीवर चढून एकेक खडा रोवण्याऐवजी कार्यशाळेत बसूनच कागदावर खडे पालथे चिकटवायचे, त्या कागदाचे तुकडे करून इमारतीवर न्यायचे, ओल्या गिलाव्यावर दाबायचे आणि मग कागद भिजवून सोलून काढायचा. १८७५ साली उघडलेल्या पॅरिसच्या भव्य ऑपेरागृहातले मोझॅक याच पद्धतीने झाले. खर्च वाचला, वेळ वाचला आणि शेकडो इटालियन कारागिरांना फ्रान्समध्ये रोजगार मिळाला. मात्र पृष्ठभाग सपाट झाला. काम करणाऱ्याला आपले चित्र सरळ बाजूने दिसेनासे झाले. आराखडा काढणारा आणि हातोडी चालवणारा यांच्यातले अंतर आणखी वाढले.

या कारागिरांच्या मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे म्हणून १९२२ साली फ्रिउलीतल्या स्पिलिंबेर्गो येथे मोझॅकची शाळा निघाली. ती आजही नावाजलेली आहे. रावेन्नामध्ये १९५९ साली एक वेगळा प्रयोग झाला. आधुनिक चित्रकारांकडून आराखडे मागवून रावेन्नाच्या मोझॅककारांनी ते खड्यांत घडवले आणि त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यात मार्क शागाल यांचा निळा कोंबडा होता, रेनातो गुत्तुझो होते, एमिलियो व्हेदोवा होते. प्रदर्शन गाजले. जुन्या कलेला नवे रक्त मिळाले, यात शंका नाही. तरीही ती चित्रे ओळखली जातात ती शागालच्या, गुत्तुझोच्या नावाने. अंतोनियो रोक्की, इनेस मोरिजी बेर्ती अशा ज्या मोझॅककारांचे हात त्या काळी रावेन्नात राबत होते, त्यांची नावे माहीतगारांपुरतीच राहिली. आपल्याकडेही मूर्तिकाराचे नाव पायथ्याशी कोरलेले असते, ओतकाम करणाऱ्याचे नसते. तसाच हा प्रकार.

व्हेनिसचा मुलगा

या पार्श्वभूमीवर लिकातांची वाटचाल पाहायची. बालपणाची काही वर्षे रोममध्ये काढून युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते व्हेनिसला आले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला या शहराने काय दिले असेल, याची कल्पना करता येते. एकीकडे सेंट मार्कचे सोनेरी घुमट. आत हजारो चौरस मीटर पसरलेले मोझॅक. दुसरीकडे खाडीपलीकडच्या मुरानो बेटावर काच फुंकणाऱ्यांच्या भट्ट्या. आणि युद्धानंतर पुन्हा भरू लागलेले बिएनाले हे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, जिथे जगभरची नवी चित्रकला येऊन थडकत होती. जुने आणि नवे इतके लागून दुसऱ्या कुठल्या गावात सापडले असते?

व्हेनिसच्या कला अकादमीत ब्रूनो साएत्ती हे त्यांचे गुरू. साएत्ती स्वतः भित्तिचित्रांत मुरलेले, त्यामुळे भिंत, चुना आणि त्यावरची कला यांचा अभ्यास शिष्यालाही झाला. पण लिकातांचे मन रमत होते ते अमूर्त चित्रांत. तरुण अमूर्त चित्रकारांच्या गोतावळ्यात ते सामील झाले. १९५२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांना बिएनालेत निमंत्रण मिळाले, आणि तिथे त्यांनी मांडले ते एक मोठे मोझॅक. चित्रकार म्हणून ओळख होण्याच्या वयात या तरुणाने ज्याला लोक कारागिरी समजत तेच माध्यम पुढे केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आराखडा त्यांचा आणि विचारही त्यांचाच होता.

१९५७ साली पॅरिसहून बोलावणे आले. बोलावणारे होते जिनो सेवेरिनी. इटलीतल्या फ्यूचरिस्ट चळवळीच्या १९१० सालच्या चित्रकारांच्या जाहीरनाम्यावर सही करणारे सेवेरिनी आता सत्तरी ओलांडून गेले होते. तरुणपणी वेग, गर्दी, नाचघरे रंगवणारा हा माणूस उतारवयात मोझॅककडे वळला आणि पॅरिसमध्ये ते शिकवू लागला. सत्तावीस वर्षांचे लिकाता त्यांचे सहायक म्हणून गेले. व्हेनिसचा पाश सुटला नाही, पण पॅरिस त्यांचे कर्मस्थान झाले. पुढची अनेक दशके ते या दोन शहरांच्या दरम्यान ये-जा करत राहिले.

न वाचता येणारी लिपी

लिकातांचे काम पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा की, हे लिहिले काय आहे? कारण ते चित्रापेक्षा पानासारखे दिसते. आडव्या ओळी असतात. त्या ओळींवर उभ्या रेघा, आकडे, चंद्रकोरी, फाटे, लहान-मोठे फराटे दाटीवाटीने उभे असतात. कुठे शिडाची होडी असल्याचा भास होतो, कुठे पक्ष्याचा, कुठे माणसाचा. काही पाने तर गाण्याच्या स्वरलिपीसारखी वाटतात. ही लिपी जगातली कुठलीही नव्हे. ती लिकातांनी तरुणपणी स्वतःसाठी घडवली आणि जन्मभर तीच वापरली. रंगचित्र असो, कोरीव छाप असो, विणलेला पडदा असो, मुरानोच्या काचकारांबरोबर केलेली फुलदाणी असो की मोझॅक, सगळीकडे तीच चिन्हे.

मराठी माणसाला हा अनुभव अगदीच परका नाही. घरातल्या जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे मोडीतले कागद निघतात. मोडी येणारे आता थोडेच. कागदावर आधी आडवी रेघ ओढलेली, तिला लगडलेली वळणदार अक्षरे, हात न उचलता धावत गेलेली. अर्थ कळत नाही, पण लिहिणारा घाईत होता की निवांत, रागावला होता की हिशेबात गुंतला होता, याचा अंदाज अक्षराच्या चालीवरून येतो. लिकातांच्या ओळी अशाच वाचायच्या असतात. शब्द शोधायचे नसतात, चाल ओळखायची असते.

आणि इथेच त्यांच्या लिपीचे आणि मोझॅकचे गोत्र जुळते. मोझॅक मुळात ओळीओळीनेच भरले जाते. एका खड्याला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, अशा खड्यांच्या रांगा चालतात. कधी सरळ, कधी चेहऱ्याभोवती वळसा घेऊन. जाणकार डोळा चित्र काय आहे हे पाहण्याआधी या रांगांची चाल पाहतो. चित्रकाराच्या आराखड्यात ही चाल नसते, ती खडे लावणाऱ्याच्या हातात असते. लिकातांनी नेमके हेच हेरले. रंगवलेल्या चित्राची नक्कल करताना मोझॅक नेहमी दुय्यम ठरणार, पण लिहिताना ते दुय्यम नाही. ओळीने मांडलेले खडे हे आपोआपच लेखन आहे. झुक्कातो बंधूंना ज्या पेचाने कुंचला उचलायला लावला, तो पेच अशा रीतीने सुटला.

गिरवणे आणि लिहिणे

१९६१ साली लिकाता पॅरिसच्या 'एकोल नासिओनाल सुपेरिअर दे बोझार' या राष्ट्रीय कलाशाळेत मोझॅकचे प्राध्यापक झाले. हीच ती शाळा जिथे आपले सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बाहेर पडल्यावर १९५० ते १९५३ या काळात शिकले होते. लिकाता १९९५ पर्यंत इथे शिकवत राहिले.

हा काळ शाळेच्या दृष्टीने शांततेचा मुळीच नव्हता. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी जे बंड केले, त्यात या शाळेचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला आणि तिथल्या छापखान्यातून भिंतीपत्रकांचा पाऊस पाडला. रोमला जाण्यासाठी मिळणारे, शतकानुशतके चालत आलेले पारितोषिक बंद झाले. वास्तुकलेचा विभाग वेगळा झाला. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून चित्रे काढायची जुनी शिस्त हास्यास्पद ठरू लागली. 'हे कशाला शिकायचे?' हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जात होता. अशा दिवसांत ओंडक्यावर पाते रोवून खडे फोडायला शिकवणाऱ्या वर्गाला टिकून राहणे सोपे नव्हते. जे माध्यम केवळ जुन्याची नक्कल असते, ते अशा वादळात वाहून जाते. मोझॅकचा वर्ग टिकला.

मोझॅक शिकण्याची रूढ वाट नकलेपासूनच सुरू होते, आणि त्यात गैर काही नाही. स्पिलिंबेर्गोला किंवा रावेन्नाला विद्यार्थी आधी रोमन आणि बायझंटाईन नमुने खड्यांत उतरवतात. थिओडोराचा एक डोळा करायला घेतला म्हणजे कळते की पापणीची एक रांग चुकली तर सगळा चेहरा रुसतो. आपल्या पाटीवरच्या गिरवण्यासारखेच हे. बाईंनी काढून दिलेल्या 'अ'वरून पेन्सिल फिरवल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. पण म्हणून कुणी जन्मभर बाईंचेच 'अ' गिरवत बसत नाही. एक दिवस मूल स्वतःच्या अक्षरात लिहू लागते. ते अक्षर कदाचित तितके सुबक नसेल, पण ते त्याचे असते. घरातले सगळे ते दुरून ओळखतात.

मोझॅकच्या बाबतीत हा दुसरा टप्पा शतकानुशतके राहूनच गेला होता. कारागीर गिरवण्यात निष्णात झाला, पण लिहिण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. लिकातांच्या कारकिर्दीचा अर्थ या ठिकाणी आहे. त्यांच्या वर्गासमोर शिक्षकाचे स्वतःचे काम उभे होते, आणि ते काम सांगत होते की आखणारा, खडे फोडणारा आणि लावणारा हा एकच माणूस असू शकतो. रावेन्नात जन्मलेले आणि तिथेच शिकलेले व्हर्दियानो मार्झी यांचे उदाहरण बोलके आहे. मोझॅकच्या साक्षात राजधानीतला हा मुलगा पॅरिसला आला, लिकातांच्या वर्गात बसला आणि पुढे पॅरिसमध्येच स्वतःची, आधुनिक धाटणीची मोझॅक घडवत राहिला. काशीच्या माणसाने संस्कृत शिकायला दुसऱ्या गावी जावे तसे हे वाटेल. पण मार्झींना तंत्र गावात मिळाले होतेच. तंत्र हाती आल्यावर त्याचे काय करायचे, हे शिकायला त्यांना दुसरीकडे जावे लागले.

लिकातांचा स्वभाव आणखी एका बाबतीत शिक्षकाला साजेसा होता. त्यांनी आपली लिपी कुणाला शिकवायची म्हणून घडवली नव्हती. ती इतकी त्यांची स्वतःची होती की विद्यार्थ्याने उचलली, तर पहिल्याच ओळीत चोरी पकडली जावी! ज्याची शैली सहज उसनी घेता येते, त्या शिक्षकाभोवती त्याच्याच लहान लहान प्रती जमतात. इथे ती सोय नव्हती. विद्यार्थ्याला आपली चाल आपणच शोधावी लागे.

आज रावेन्नात २००९ पासून समकालीन मोझॅकचे मोठे उत्सव भरवले जाऊ लागले आहेत. त्यांत जगभरातून येणारी कामे पाहिली, तर शागाल किंवा गुत्तुझो यांच्याकडून आराखडा मागण्याची गरज आता कुणाला वाटत नाही, हे ध्यानात येते. काम ज्याचे, नावही त्याचेच असते. हे सगळे एकट्या लिकातांनी घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्पिलिंबेर्गोची शाळा आहे, रावेन्नाच्या संस्था आहेत, कितीतरी मोझॅककारांचे कष्ट आहेत. पण १९५२ साली बिएनालेच्या भिंतीवर काचेच्या खड्यांत स्वतःचे अक्षर लिहिणारा बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्यापैकी पहिल्या काहींत होता. तंत्र कुणीही दाखवू शकतो. विद्यार्थ्याला कुठे थांबून गिरवायचे आणि कुठून पुढे आपले आपण लिहायचे, ती जागा दाखवणारे शिक्षक मात्र मोजके असतात. मग तो वर्ग मोझॅकचा असो, गाण्याचा असो की पहिलीतल्या पाटीचा.